जवळून हुकलेल्याचाही एक गुण

२ मार्च २०२५, रविवार. दुपारी अकोल्यात आमच्या गल्लीत फटाक्यांची एक लड वाजली आणि पाठोपाठ दोन सुतळी बॉम्ब. कोणाची वरात नव्हती, निवडणुकीचा निकालही नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले भाऊ गल्ल्यावरून उठून बाहेर आले.

“काय झालं बे?”

“विदर्भ रणजी जितला, भाऊ!”

“कितीनं?”

फटाके लावणारा पोरगा इथं अडखळला. “कितीनं नाही... म्याच तं ड्रॉ झाली.”

“ड्रॉ झाली तं मंग जितला कसा? आन् फटाके कायले?”

पोरानं समजावून सांगितलं की म्याच ड्रॉ झाली तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो. विदर्भ ३७९, केरळ ३४२. भाऊंनी मनातल्या मनात वजाबाकी केली. “सदतीस रनानं जितला, असं सांग ना मंग सरळ!” म्हणाले आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले. नियमाच्या भाषेत ते साफ चूक होतं. पण त्या सामन्याबद्दल पुढे मी जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलं नाही.

भाऊंचा पहिला प्रश्न मात्र मनात राहिला. अजिंक्यपदाचा सामना अनिर्णित सुटतो आणि तरी एक संघ करंडक उचलतो, हे आपण कसं पचवतो? साखळीतला सामना बरोबरीत सुटला तर कोणाचं काही बिघडत नाही. शेवटच्या सामन्याकडून मात्र आपण एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे निकाल. मोसमभर हिशेब चालला, आता एकदाची बेरीज दाखवा.

लहानपणी बाबांबरोबर जत्रेतल्या दंगली पाहायला जायचो. काळी माती भुसभुशीत करून तेल-ताक शिंपडलेला हौद, भोवती माणसांचं कडं, एका बाजूला डफडं. पहिल्या कुस्त्या पोरांच्या, रेवड्यांवर. मग इनामाचा आकडा चढत जायचा आणि दिवस कलताना शेवटची मोठी जोड लागायची. बऱ्याचदा त्याच कुस्तीत काही घडायचं नाही. दोन तगडे गडी एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करत राहायचे. अंधार पडायला लागला की पंच दोघांचे हात वर करायचे आणि इनाम अर्धं-अर्धं वाटलं जायचं. लोक असे भडकायचे की विचारू नका. ‘नुरा कुस्ती!’ म्हणून ओरडा व्हायचा, चपला हातात यायच्या. दिवसभर उन्हात बसलो ते कोणाची पाठ मातीला लागते हे पाहायला, आणि हे दोघं हातात हात घालून चालले.

बाबा शांत असायचे. परतीच्या वाटेवर म्हणायचे, “चीत नाही झाला म्हणून काय झालं? पट कोणी काढले ते पाह्य ना.” मला तेव्हा ते हरलेल्याचं समाधान वाटायचं. शिवाय बाबांचा आवडता पैलवान बहुतेक वेळा न जिंकणाराच असायचा, हेही होतंच.

निकालाशिवाय खेळायची वऱ्हाडाला तशी जुनी सवय आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं. कुस्ती, मल्लखांब, लाठी, कबड्डी असं सगळं तिथं शिकवलं जाई. १९३६ मध्ये या मंडळाचं पथक बर्लिनला गेलं, ऑलिंपिकच्या वेळी, आणि कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं त्यांनी तिथं दाखवली. सगळं जग तिकडे सेकंद आणि सेंटिमीटर मोजायला जमलेलं, आणि अमरावतीची पोरं असा खेळ दाखवून आली ज्यात जिंकायचं नव्हतं आणि हरायचंही नव्हतं. त्या पथकाचं कौतुक अमरावतीत अजून होतं. पदक नाही म्हणून कोणी कमी लेखलेलं मी तरी ऐकलं नाही. प्रात्यक्षिक मात्र वेगळं आणि फायनल वेगळी. प्रात्यक्षिकाला गेलेला माणूस ‘कितीनं?’ असं विचारत नाही.

माझा पुतण्या मेलबर्नला असतो. एका डिसेंबरात तो घरी आला तेव्हा त्याच्या लेकीनं, म्हणजे माझ्या नातीनं, एक लाल चामड्याचा लांबोडका चेंडू बरोबर आणला होता. तिकडच्या शाळकरी पोरी हा खेळ खेळतात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल असं त्याचं पूर्ण नाव, पण ती त्याला नुसतं ‘फूटी’ म्हणते. तिचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं, त्यामुळे मेलबर्नमध्ये जन्मून ती ‘पाह्य ना आबा’ म्हणते. सोयाबीन निघालेलं वावर रिकामं पडलं होतं. तिथं तिनं पऱ्हाटीच्या वाळक्या चार काड्या एका ओळीत रोवल्या आणि गावातल्या सहा-सात पोरांना खेळ समजावू लागली.

मधल्या दोन काड्यांमधून लाथेनं चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा गुण. मधली काडी आणि कडेची काडी यांच्यामधून गेला तर एक गुण.

“म्हंजे हुकला तरी एक?” एका पोरानं विचारलं.

“खूप हुकला तर काहीच नाही. जवळून हुकला तर एक.”

पोरं हसायला लागली. असा नियम क्रिकेटमध्ये असता तर आपल्या बंड्यानं रोज सेंच्युरी मारली असती, असं ठरलं. मग ती खेळली. जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. काळ्या मातीचं ते असंच, पाणी ओसरलं की आकसते आणि फाटते. एक तर चेंडू अंड्यासारखा, त्यात खाली भेगा. टप्पा पडला की तो कुठं उडेल ते चेंडूलाही माहीत नसावं. एक पोरगा दोन्ही हात पसरून वाट पाहत उभा राहिला आणि चेंडू त्याच्या पायाशी आपटून उलट्या दिशेनं तुरीत पळाला. माझी नात मात्र टप्प्यावर डोळे ठेवून थांबत नव्हती. ती धावत जाऊन हवेतच झेलायची. टप्प्यावर विसंबायचं नाही, हे तिला तिच्या शिक्षकांनी शिकवलं असावं.

पुढे त्या खेळाबद्दल जरा वाचलं आणि एका गोष्टीची गंमत वाटली. हा खेळ क्रिकेटवाल्यांनी काढला. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नामांकित क्रिकेटपटू. १८५८ च्या जुलैत त्यानं एका नियतकालिकाला पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू आळसावतात, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम ठरवावेत. १८५९ च्या मे महिन्यात मेलबर्न क्लबचे नियम लिहिले गेले. पुढे मैदानं क्रिकेटचीच वापरली गेली, म्हणून आजही हा खेळ लंबगोल मैदानावर होतो. एका बाजूला अठरा खेळाडू, सामना चार पावांचा. सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ग्रँड फायनल. १९७० च्या ग्रँड फायनलला १,२१,६९६ माणसं आली होती. आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरिया राज्याला सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे पोळ्याला सुट्टी मागावी लागते आणि तिकडे सामन्याच्या आदल्या दिवशीही मिळते, असा हिशेब माझ्या पुतण्यानं मांडला. तो नोकरदार आहे, त्याचं लक्ष सुट्ट्यांवर असणारच.

या ग्रँड फायनलच्या इतिहासात तीन सामने बरोबरीत सुटले. पहिला १९४८ चा. एसेंडनचे ७ गोल आणि २७ एकेरी गुण. मेलबर्नचे १० गोल आणि ९ एकेरी. दोघांची बेरीज ६९. हा धावफलक मी कागदावर मांडून बराच वेळ पाहत बसलो होतो. एसेंडन चौतीस वेळा काड्यांपर्यंत पोहोचला आणि सत्तावीस वेळा जवळून हुकला. मेलबर्न एकोणीस वेळाच पोहोचला, पण त्यातले दहा नेमके बसले. कोण चांगलं खेळलं? बाबा तिथं असते तर ‘पट कोणी काढले ते पाह्य’ म्हणाले असते आणि एसेंडनच्या बाजूनं उभे राहिले असते. सामना पुढच्या शनिवारी पुन्हा खेळवला आणि मेलबर्ननं तो जिंकला.

दुसरा १९७७ चा, ७६-७६. तिसरा २०१० चा, कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा, ६८-६८. त्यातला अखेरचा गुण असा आला. सेंट किल्डाच्या लेनी हेजनं लांबून लाथ मारली, चेंडू गोलसमोर पडला, त्यांचाच स्टीफन मिल्न त्याच्यामागे धावला. सरळ टप्पा पडता तर मिल्न, चेंडू आणि अजिंक्यपद तिघं एकत्र आले असते. चेंडू वाकडा उडाला आणि कडेच्या खांबांमधून गेला. एक गुण. बरोबरी. भोंगा वाजला तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू मैदानातच बसले. हरल्यासारखे दिसत होते, दोघंही. पुढच्या शनिवारी, २ ऑक्टोबरला, पुन्हा सामना झाला आणि कॉलिंगवूडनं तो १०८-५२ असा सहज जिंकला. आता तिथं पुन्हा सामना खेळवत नाहीत, जादा वेळ देऊन त्याच दिवशी निकाल लावतात.

मला तो पुन्हा खेळवलेला सामना कधी पटला नाही. त्यानं काय सिद्ध झालं? २ ऑक्टोबरला कॉलिंगवूड चांगला होता, एवढंच. २५ सप्टेंबरला कोण चांगलं होतं, ते त्या दिवसाबरोबर पुसून टाकलं. दिवसभराची मेहनत, ते सगळे एकेरी गुण, तो वाकडा टप्पा, सगळं शून्य. फडावरच्या कुस्तीत निदान इनाम अर्धं तरी हातात यायचं.

आता निकाल म्हणजे काय याचा नमुना पाहायचा तर इंदूरचा. २०१७-१८ चा रणजी मोसम. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, म्हणजे तोवर साठ वर्षं, आणि करंडक तर सोडाच, फायनलही पाहिलेली नव्हती. उपांत्य सामन्यात कोलकात्याला ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला १९८ हव्या होत्या. रजनीश गुरबानीनं सात बळी घेतले आणि कर्नाटक १९२ वर संपला. पाच धावांनी जिंकलो. लगेच फायनल दिल्लीशी, होळकर स्टेडियमवर, २९ डिसेंबरपासून. पण विदर्भाचा उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाला होता. त्याच्या जागी कोण? अकोल्याचा आदित्य ठाकरे, वय एकोणीस. एकही प्रथम श्रेणी सामना न खेळलेला पोरगा. त्याचं पदार्पणच रणजीच्या फायनलमध्ये झालं.

त्या दिवशी अकोल्यात जो तो सांगत होता की मी त्याला अमुक मैदानावर गोलंदाजी करताना पाहिलंय. मीही सांगत होतो. गावातला मुलगा मोठ्या सामन्यात उतरला की सगळं गाव आपोआप त्याचा जुना प्रेक्षक होतं. त्यानं पहिल्या डावात दोन बळी घेतले. ध्रुव शोरीच्या १४५ धावांमुळे दिल्ली २९५ पर्यंत पोहोचली, पण गुरबानीनं हॅटट्रिक घेतली आणि तिसरा बळी त्याच शोरीचा. रणजीच्या फायनलमधली ती दुसरीच हॅटट्रिक. याआधीची १९७२-७३ मधली, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. मग विदर्भानं ५४७ केल्या. अक्षय वाडकर १३३, आदित्य सरवटे ७९. दिल्ली दुसऱ्या डावात २८० वर आटोपली, विदर्भाला २९ धावा हव्या होत्या आणि १ जानेवारी २०१८ ला, चौथ्याच दिवशी, नऊ गडी राखून सामना संपला. त्या वेळी कोणी ‘कितीनं?’ विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. पुढच्याच वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं. सरवटेनं अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत काढलं, एकदा १ वर, एकदा शून्यावर. तेही उत्तर तयार होतं. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईनं आम्हाला १६९ धावांनी हरवलं. संघात अकोल्याचे दोघं होते, अथर्व तायडे आणि तोच ठाकरे. ५३८ चा पाठलाग करत विदर्भ ३६८ पर्यंत गेला. हरलो, पण तिथंही उत्तर तयार होतं.

जामठ्याच्या २०२५ च्या फायनलला मात्र ते नव्हतं. आणि गंमत अशी की समोर केरळ होता. तो पहिल्यांदाच फायनलला आलेला आणि आलेला कसा, तर आघाडीच्याच जोरावर. उपांत्यपूर्व सामना पुण्यात जम्मू-काश्मीरशी. जम्मू-काश्मीर २८०, केरळ २८१. आघाडी एका धावेची. उपांत्य सामना अहमदाबादला गुजरातशी. केरळ ४५७, आणि गुजरातचा शेवटचा फलंदाज नागवासवालानं जोरात फटका मारला. चेंडू जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, उंच उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात जाऊन बसला. गुजरात ४५५. आघाडी दोन धावांची. म्हणजे एक आणि दोन, एवढ्या भांडवलावर संपूर्ण राज्य फायनलला आलं. लेनी हेजच्या चेंडूचा टप्पा आणि निझारच्या हेल्मेटवरची उसळी, या दोन गोष्टी मला एकाच घरातल्या वाटतात. एकीनं अजिंक्यपद लांबवलं, दुसरीनं ते जवळ आणलं.

अशा संघाला आघाडीच्या नियमाची तक्रार करता येत नाही आणि केरळनं ती केलीही नाही. नियम आधीपासून दोघांना ठाऊक होता. पाचव्या दिवशी कोणी नाणं उडवलं नाही.

सामना असा झाला. २६ फेब्रुवारीला केरळनं नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली आणि २४ धावांत तीन गडी उडवले. त्यातला एक दर्शन नळकांडे, एका धावेवर. अकोल्याच्या क्रिकेटमधून पुढे आलेला हा वेगवान गोलंदाज त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर पाठवला होता. तो डाव फसला. मग दानिश मालेवार आणि करुण नायर उभे राहिले. एकवीस वर्षांच्या दानिशनं १५३ केल्या, नायर ८६ वर धावबाद झाला. विदर्भ ३७९. केरळ फलंदाजीला आला आणि नळकांडेनं दोन्ही सलामीवीरांचे त्रिफळे उडवले. फलंदाज म्हणून गेलेलं त्यानं गोलंदाज म्हणून वसूल केलं. त्या डावात त्याला तीन बळी मिळाले.

यानंतर केरळकडून उभा राहिला तो आदित्य सरवटे. होय, तोच. इंदूरला विदर्भासाठी ७९ करणारा, जामठ्यावर पुजाराला दोनदा काढणारा सरवटे या मोसमात केरळकडून खेळत होता. आणि विदर्भाकडून सलामीला होता ध्रुव शोरी, इंदूरला दिल्लीसाठी १४५ करून गुरबानीच्या हॅटट्रिकचा शेवटचा बळी झालेला. सात वर्षांत माणसं बाजू बदलून समोरासमोर आली होती. सरवटेनं केरळसाठी किती केल्या? एकोणऐंशी. पुन्हा ७९. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांविरुद्ध. अकोल्यात टीव्हीसमोर बसलेल्या आमच्यासारख्यांना तो बाद व्हावा असंही वाटत होतं आणि होऊ नये असंही. मी हे कोणाला त्या वेळी बोलून दाखवलं नाही.

२८ फेब्रुवारी, तिसरा दिवस. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर. केरळ ३२४ च्या आसपास. आणखी पंचावन्न-साठ धावा केल्या की आघाडी केरळची आणि आघाडी म्हणजे करंडक, हे मैदानावरच्या प्रत्येकाला पाठ होतं. पार्थ रेखडे डावखुरी फिरकी टाकत होता. सचिन बेबी उंच खेळला, चेंडू डीप मिडविकेटला गेला आणि तिथं करुण नायरनं झेल घेतला. शतकाला दोन धावा कमी पडल्या आणि करंडकाला त्याहून बऱ्याच. पुढे केरळ टिकला नाही, ३४२.

खरं तर अजिंक्यपद त्या झेलातच ठरलं, असं मी म्हणतो. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणी फटाके वाजवत नाही. चौथ्या दिवशी विदर्भाचे दोन गडी ७ धावांत गेले तेव्हा पोटात गोळा आला होता, हेही सांगितलं पाहिजे. नायरचा एक झेल सुटला, ३१ वर. तो सुटलेला झेल केरळला भोवला. नायरनं १३५ केल्या, दानिशनं ७३. पाचव्या दिवशी विदर्भ खेळतच राहिला. डाव सोडला नाही, सोडायचं कारणही नव्हतं. नळकांडेनं अर्धशतक पुरं केलं आणि दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले. ९ बाद ३७५. विदर्भाचं तिसरं अजिंक्यपद. हर्ष दुबेचे मोसमात ६९ बळी, एका रणजी मोसमातला विक्रम.

आता आक्षेप. पाचवा दिवस मेलेला होता, हे मान्य करायला हवं. ज्या संघाला आघाडी मिळाली त्यानं फक्त बाद न होता वेळ काढायचा, यात पाहणाऱ्याला काय मिळतं? पूर्वी शेवटपर्यंत सामने खेळत. १९४८-४९ मध्ये पुण्यात मुंबई विरुद्ध महाराष्ट्र हा उपांत्य सामना निकालापर्यंत चालला, सात दिवस. चार डावांत २३७६ धावा झाल्या आणि मुंबई ३५४ धावांनी जिंकली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका सामन्यात इतक्या धावा पुन्हा झाल्या नाहीत. शेवटी निकाल लागला खरा, पण तोवर क्षेत्ररक्षकांचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. विश्व कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलला एक राखीव दिवस ठेवतात. २०२१ मध्ये साउदॅम्प्टनला पावसानं दिवस वाया गेल्यावर न्यूझीलंडनं भारताला हरवलं ते त्याच सहाव्या दिवशी. रणजीच्या फायनललाही पावसासाठी असा दिवस ठेवायला हरकत नाही.

पण आघाडीचा नियम काढून टाका असं कोणी म्हणालं तर मी विरोधात आहे. ग्रँड फायनल पुन्हा खेळवत तेव्हा झालेला खेळ रद्द होई. आघाडीचा नियम झालेला खेळ जपतो. नळकांडेनं उडवलेले दोन त्रिफळे, दानिशचे १५३, रेखडेचा एक चेंडू, नायरचा झेल, हे सगळं त्या सदतीसमध्ये जमा आहे. हा नियम चीतपट मागत नाही, पट कोणी काढले ते मोजतो. बाबांना तो आवडला असता. फटाके मात्र त्यांनी वाजवू दिले नसते, त्यांना आवाज सहन होत नसे.

नातीला फोनवर हे सगळं सांगितलं. तिला क्रिकेट फारसं कळत नाही. पाच दिवस खेळून ड्रॉ आणि तरी कप, हे ऐकून ती म्हणाली, “आबा, मग त्या दुसऱ्या टीमला किती मिळाले? जवळून हुकले ना ते?” मी म्हटलं, काही नाही, उपविजेते. तिला ते अन्यायाचं वाटलं. मला पटवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर पटवावंसंही वाटलं नाही. सचिन बेबीच्या ९८ ला कुठल्या तरी खात्यात एक गुण मिळायला हवा होता.

तेव्हा एक सांगणं आहे. पुन्हा कधी जामठ्याला रणजीची फायनल असेल, तर करंडक पाहायला पाचव्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी भाषणं आणि फोटो असतात. तिसऱ्या दिवशी जा. अकोल्या-अमरावतीहून पहाटे निघालात तर खेळ सुरू व्हायच्या आत पोहोचता. डबा, पाणी आणि टोपी बरोबर घ्या, फेब्रुवारी-मार्चचं जामठ्याचं ऊन वाईट असतं. आणि धावफलकावर दुसऱ्या संघाच्या पहिल्या डावावर नजर ठेवा.